पॉप्सनी पोरांना गोल बसवलं

आमच्याकडे रविवारी चर्चमधून आलं, जेवणं झाली, सगळ्यांची एक झोप झाली की साडेचारच्या सुमाराला हॉलमध्ये चटई पडायची आणि पप्पा पेटी काढायचे. मग हातात काय काम असेल ते ठेवून यायचंच. आई, मी, धाकटा भाऊ आणि आत्या. आत्या दोन गल्ल्या सोडून राहायची आणि येताना तिच्या हातात डबा नाही असं कधी झालं नाही. उपासना संगीताचं पुस्तक मधे उघडं ठेवलेलं असायचं पण त्यात बघणारी मी एकटीच, बाकीच्यांना सगळं तोंडपाठ. पप्पा एकेकाला सूर द्यायचे, म्हणजे पेटीवर एक पट्टी दाबून धरायची आणि मान त्या माणसाकडे वळवून नुसतं "हं" म्हणायचं. मला कायम खालचा. आत्याला वरचा. आणि आत्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला किंचित उशिरा यायची, अर्धी मात्रा म्हणा हवं तर, आणि तिच्यासाठी पप्पा भाता थोडा धरून ठेवायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं, ते तसंच होतं.

माझा आवाज लहानपणापासून जड. शाळेच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये मला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं की तू मोठ्याने गाऊ नकोस, मुलाचा आवाज वाटतो. तेव्हा मी पाचवीत होते. ते मला खूप लागलं होतं, आणि घरी मी काही बोलले नाही तरी त्या रविवारी पप्पांनी सूर दिला तेव्हा मी तोंडच उघडलं नाही. पप्पांनी कारण विचारलं नाही. पेटी थांबवली आणि म्हणाले, खालचा नसला तर वरचे सगळे हवेत लटकतात बाळा.

एवढं सगळं आधी सांगितलं कारण मला लिहायचंय ते अमेरिकेतल्या शिकागोच्या एका गाणाऱ्या कुटुंबाबद्दल, स्टेपल सिंगर्सबद्दल, आणि हे लोक मला इतके जवळचे का वाटतात ते या चटईशिवाय सांगताच येणार नाही.

पुणे-नगर एसटीत होते, कानात इअरफोन, एक गाणं संपलं की मोबाईल आपोआप पुढचं लावत होता. मधेच एक गिटार सुरू झाली. गिटार म्हणावी का असा प्रश्न पडला मला, कारण सूर नुसता वाजत नव्हता, पाण्यावर खडा टाकल्यावर तरंग जातात तसा थरथरत पसरत होता. मग तीन-चार आवाज एकदम, आणि त्यांच्या खालून एक आवाज वर आला, जाड, खरखरीत, छातीतून निघालेला. मला वाटलं कुणी मोठ्या वयाचा माणूस गातोय. स्क्रीनवर बघितलं तर नाव बाईचं, मेव्हिस स्टेपल्स. गाणं 1956 चं, 'अनक्लाउडी डे'. नंतर शोधलं तर तेव्हा ही मुलगी सतरा वर्षांची होती. शिरूर गेलेलं मला कळलंच नाही, मी तेच गाणं परत परत लावत होते. त्या काळातही रेडिओवर ऐकणाऱ्या लोकांना हा आवाज एखाद्या पुरुषाचा नाहीतर थोराड बाईचा वाटायचा आणि प्रत्यक्षात स्टेजवर बारीकशी पोरगी बघून विश्वास बसायचा नाही. पाचवीतल्या मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तर, सुरुवात वडिलांपासून. रोबक स्टेपल्स, ज्यांना पुढे सगळं जग पॉप्स म्हणायला लागलं. जन्म 28 डिसेंबर 1914, मिसिसिपी राज्यातल्या विनोना गावाजवळ, चौदा भावंडांत सगळ्यात धाकटे. अमेरिकेत तेव्हा सिअर्स रोबक नावाची कंपनी टपालाने घरोघरी वस्तू पाठवायची, तिच्यावरून एका भावाचं नाव सिअर्स आणि ह्यांचं रोबक. घरातले सगळे कापसाच्या शेतावर राबणारे. डॉकरी नावाच्या प्रचंड मोठ्या मळ्यावर हे कुटुंब राहायचं, आणि त्याच मळ्यावर चार्ली पॅटन गिटार वाजवायचा, ज्याला आज ब्लूजचा, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांच्या सुखदुःखाच्या गाण्यांचा, आद्य पुरुष मानतात. म्हणजे शनिवारी रात्री ब्लूज आणि रविवारी सकाळी चर्च. एकाच मुलाच्या कानात दोन्ही पडलं, आणि त्याची बोटं पॅटनकडे बघून शिकली तरी गळा चर्चचाच राहिला. माझ्या मते पुढचं सगळं इथेच ठरून गेलं होतं. दिवसभर वाकून कापूस वेचायचा आणि संध्याकाळी सगळ्या भावंडांनी अंगणात बसून देवाची गाणी म्हणायची, हा त्या घराचा रिवाज होता.

1930 च्या दशकाच्या मध्यात पॉप्स बायकोला, ओसिओलाला, आणि दोन लहान पोरांना घेऊन शिकागोला आले. असे हे एकटेच नव्हते, 1910 ते 1970 या काळात दक्षिणेतले सुमारे 60 लाख काळे लोक कापसाची शेतं आणि तिथली दहशत सोडून उत्तरेच्या शहरांकडे गेले. आपल्याकडे दुष्काळात मराठवाड्यातून माणसं मुंबईला येतात, मिळेल ते काम धरतात आणि गावची भजनं चाळीत म्हणतात, ते डोळ्यासमोर आणलं तर बरंचसं कळतं, फक्त त्यांच्यामागे लिंचिंगची, म्हणजे जमावाने पकडून जीव घेण्याची, भीतीही होती. शिकागोत पॉप्सनी कत्तलखान्यात काम केलं, पोलाद कारखान्यात केलं. क्लीओथा आणि पर्विस मिसिसिपीत जन्मलेले, इव्हॉन आणि मेव्हिस शिकागोतल्या. मेव्हिसचा जन्म 10 जुलै 1939 चा.

शिकागोत पॉप्स ट्रम्पेट ज्युबिलीज नावाच्या एका गॉस्पेल ग्रुपमध्ये गायचे, गॉस्पेल म्हणजे काळ्यांच्या चर्चमधली भक्तिगीतं. अडचण एकच, बाकीचे लोक प्रॅक्टिसला यायचेच नाहीत. दिवसभर अंगमेहनत करून हा माणूस वेळेवर हजर आणि आज हा नाही, उद्या तो नाही. 1948 मध्ये एक दिवस ते वैतागून घरी आले, कपाटातून गिटार काढली, पोरांना बोलावलं आणि हॉलमध्ये जमिनीवर गोल बसवलं. मेव्हिसने ही गोष्ट पुढे किती मुलाखतींत सांगितली असेल. गिटारच्या तारेवर एक सूर वाजवायचा आणि म्हणायचं, क्लीओथा हा तुझा. पर्विस, हा तुझा. मेव्हिस, हा तुझा. जे सूर त्यांची भावंडं मिसिसिपीत अंगणात बसून लावायची तेच त्यांनी एकेका पोराला वाटून दिले. आणि पहिलं गाणं शिकवलं ते होतं 'विल द सर्कल बी अनब्रोकन'. आई वारल्यावर तिची अंत्ययात्रा निघते, आणि गाणारा विचारतो की वर गेल्यावर आपलं कोंडाळं परत पुरं होईल ना. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला शिकवायला हे गाणं! पण आमच्याकडेही लहानपणापासून आम्ही मरणाची, पैलतीराची गाणी म्हणतच वाढलो, त्यामुळे मला त्यात काही विचित्र वाटत नाही. कळतं नंतर. आधी सूर बसतो.

एकदा त्यांची आत्या (हो, इथेही आत्याच) आली, तिने पोरांचं गाणं ऐकलं आणि म्हणाली की आमच्या चर्चमध्ये येऊन गा. ते गेले, गायले, आणि लोक सोडेनात. परत म्हणा, परत म्हणा. ह्यांना येत होतं एकच गाणं, तर तेच तीनदा म्हटलं. घरी आल्यावर पॉप्स म्हणाले की आता आणखी गाणी बसवायला लागतील. कुठला मॅनेजर नाही, ऑडिशन नाही, ग्रुप सुरू झाला तो असा, आणि नाव आडनावावरूनच पडलं.

सुरुवातीला लीड पर्विसकडे होती. मग त्याचा आवाज फुटला, मुलांचा फुटतो तसा, आणि वरचा सूर लागेना. पॉप्सनी मेव्हिसला पुढे यायला सांगितलं तर ती तयार नव्हती, तिला खालचा सूरच आवडायचा आणि तिला तिथेच राहायचं होतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. शेवटी वडिलांपुढे काय चालणार, ती पुढे आली.

त्या काळात शिकागोत महालिया जॅक्सन होती, गॉस्पेलची सगळ्यात मोठी गायिका. मेव्हिस लहान असताना एकदा एकाच कार्यक्रमात दोघींचं गाणं होतं. आपलं गाणं झालं तशी ही पोरगी घामाने ओली झालेली असताना तशीच दोरीच्या उड्या मारायला बाहेर पळाली. महालियाने तिला धरलं, मानेपाशी हात लावून बघितलं आणि रागावली, की अगं तू ओली आहेस, आईला सांग आधी कोरडे कपडे दे म्हणून, तुला म्हातारी होईपर्यंत गायचंय ना. माझी आत्या चर्चमधून बाहेर पडताना माझ्या गळ्याभोवती तिचा स्कार्फ गुंडाळायची, डिसेंबरात कॅरल म्हणत रात्री घरोघर फिरायचो तेव्हा तर दोनदा गुंडाळायची, त्यामुळे हा प्रसंग मला वाचावा लागत नाही, तो दिसतो. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मोठा संगीत महोत्सव झाला, तिथे महालियाला बरं वाटत नव्हतं म्हणून तिने मेव्हिसला सांगितलं की गाणं तू सुरू कर. ते चित्रण आता बघायला मिळतं. दोघी एका माईकवर गातात, आणि गाणं कुठलं तर थॉमस डॉर्सीचं, जे त्याने 1932 मध्ये बायको आणि नुकतं जन्मलेलं बाळ दोघंही गेल्यावर लिहिलं होतं. एकदा तरी बघा.

शाळा संपेपर्यंत पोरांना पॉप्सनी फक्त शनिवार-रविवार बाहेर नेलं. मेव्हिस 1957 मध्ये हायस्कूल पास झाली आणि मग पॉप्सनी नोकरी सोडली. वडिलांनी गिटार वाजवायची, पोरांनी गायचं आणि टाळ्यांचा ठेका धरायचा, त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर याहून फारसं काही नाहीच. बाकीचे गॉस्पेल ग्रुप तेव्हा पियानो-ऑर्गन घेऊन जोरात गायचे आणि हे लोक हळू, जुन्या वळणाचं, मिसिसिपीच्या अंगणातलं. ते थरथरणं येतं ट्रेमोलोमुळे, अॅम्प्लिफायरमध्येच आवाज कमीजास्त करत राहणारी सोय असते, पण तसा अॅम्प काय कुणीही घेऊ शकतं. पॉप्स दोन सुरांच्या मधे जी जागा सोडायचे ती कशी आणणार. क्लीओथाचा वरचा बारीक आवाज त्या थरथरीत असा मिसळून जायचा की तार कुठे संपली आणि मुलगी कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. एका घरातल्या लोकांचे आवाज एकमेकांत जसे बसतात तसे चार मोठे गवई आणून बसवले तरी बसत नाहीत, हे मी अनुभवावरून सांगते. ती माणसं एकमेकांचा श्वास ओळखतात.

गाडीने दक्षिणेत कार्यक्रम करत फिरणं सोपं नव्हतं. काळ्यांना हॉटेलात जागा नाही, खायला मिळेल याची खात्री नाही. 1964 मध्ये रात्री अर्कन्सासमध्ये पेट्रोल भरायला थांबले, मेव्हिसने पावती मागितली, पंपावरचा गोरा माणूस वाटेल ते बोलला, पॉप्स मधे पडले, हातघाई झाली. पुढे गेल्यावर पोलिसांनी गाडी अडवली आणि सगळ्यांना हातकड्या घातल्या. पावती मागितली म्हणून. आणि हे लोक तेव्हा रेडिओवर गाजत होते.

पण तोपर्यंत पॉप्सनी एका माणसाचं प्रवचन ऐकलेलं होतं. अलाबामातल्या माँटगोमरीला कार्यक्रमासाठी गेलेले असताना पॉप्स म्हणाले, इथे मार्टिन नावाचा एक पास्टर आहे, त्याला ऐकायला जाऊ. डेक्स्टर अॅव्हेन्यूच्या चर्चमध्ये सगळे गेले. परत आल्यावर पोरांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं, हा माणूस जे सांगतो ते मला पटलंय आणि तो जे प्रवचनात सांगू शकतो ते आपण गाण्यात सांगू शकतो. तिथून त्यांच्या गाण्यात मोर्चे आले, काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी जिथून मोर्चा निघाला ते सेल्मा आलं, लिटल रॉकमधल्या गोऱ्यांच्या शाळेत जाऊ पाहणारी नऊ काळी मुलं आली. त्या मुलांवरचं 'व्हाय? (अॅम आय ट्रीटेड सो बॅड)' हे गाणं मार्टिन ल्यूथर किंगचं फार आवडतं, त्यांच्या सभेआधी स्टेपल्सनी ते म्हणायचंच. एप्रिल 1965 मध्ये, सेल्माच्या मोर्चानंतर थोड्याच दिवसांनी, शिकागोच्या न्यू नाझरेथ चर्चमध्ये त्यांनी पूर्ण उपासनेचं रेकॉर्डिंग केलं. त्यात पॉप्स बोलतात, लोक 'हो हो' म्हणतात, पेटीत देणगी पडते. आमच्या चर्चच्या मंडळीतली उपासना ऐकतेय असं वाटलं मला.

हेच किंग 1959 मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजी राहायचे तिथे राहिले. आणि त्याच्याही आधी, 1936 मध्ये, हॉवर्ड थर्मन आणि सू बेली थर्मन हे काळे ख्रिस्ती जोडपं गांधीजींना भेटायला बारडोलीला गेलं होतं, तेव्हा गांधीजींनी त्यांना वधस्तंभावरचं एक जुनं गुलामांचं गाणं म्हणायला सांगितलं होतं. म्हणजे हे येणं-जाणं आधीपासून होतं, मीच उशिरा आले.

आता वादाची गोष्ट. 1968 मध्ये स्टेपल्स स्टॅक्स नावाच्या रेकॉर्ड कंपनीकडे गेले, गाण्यांत ड्रम आले, बेस आला, नाचावंसं वाटेल असा ठेका आला. 1972 मध्ये 'आय विल टेक यू देअर' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. ते लिहिलं स्टॅक्सच्या अल बेलनी, भावाचा खून झाल्यावर, त्याच्या दफनविधीनंतर. गाणं सांगतं काय तर अशी एक जागा आहे जिथे कुणी रडत नाही. पण चर्चमधले काही लोक म्हणायला लागले की स्टेपल्स आता सैतानाचं संगीत गातात. मेव्हिसचं म्हणणं, सैतानाकडे संगीत नसतंच, सगळं देवाचं. पॉप्स स्वतः मात्र जपून असायचे. 1975 मध्ये गायक-संगीतकार कर्टिस मेफील्डने सिनेमासाठी प्रेमाचं गाणं दिलं तेव्हा हे शब्द मी म्हणणार नाही, मी चर्चचा माणूस आहे, असं म्हणत अडून बसले. कर्टिसने कसंबसं मनवलं. ते गाणंही पहिल्या नंबरवर गेलं.

ह्या वादात मी पूर्णपणे स्टेपल्सच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आमच्या नगरचं आहे. आमच्या मंडळ्यांत आधी मिशनऱ्यांनी आणलेल्या इंग्रजी चाली आणि त्यावर ओढूनताणून बसवलेले मराठी शब्द असायचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, ओवी, कीर्तन सगळं बरोबर घेऊन आले, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा तो माणूस. म्हणून आज मी मराठीत गाते आणि टाळ हातात धरते. पॉप्सनी डॉकरी मळ्यावरची शनिवार रात्रीची गिटार रविवारी सकाळी आणली, आणि टिळकांनी टाळ. जी तार घरात वाजते तिनेच देवाला हाक मारायची, नाहीतर ती हाक आपली वाटत नाही. पप्पा एवढं मानत नाहीत, नवीन पोरं ऑक्टोपॅड घेऊन येतात तेव्हा ते उठून बाहेर जातात, त्यावर आमचं भांडण झालेलं आहे आणि अजून होतं.

1975 मध्ये स्टॅक्स बुडाली. पुढची वर्षं चढउताराची, त्यात मला फार शिरायचं नाही. पर्विस 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ग्रुपमधून बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी इव्हॉन उभी राहिली होती. तिला गाण्याची हौस फारशी नव्हती, हिशोब, तिकिटं, कार्यक्रम हे सगळं ती बघायची, पण वडिलांना चौथा आवाज हवा होता म्हणून ती गायली, कितीतरी वर्षं. अशा माणसांवर कुणी लेख लिहीत नाही. आमच्या घरात ती माझी आई. तिने कधी सूर मागितला नाही, जिथे पोकळ वाटेल तिथे ती जाऊन बसायची.

पॉप्स म्हातारपणी एकटे गायला लागले, 1995 मध्ये ग्रॅमी मिळालं, वय ऐंशी. शेवटी शेवटी काही गाणी रेकॉर्ड करत होते ती अपुरी राहिली. आजारी असताना त्यांनी मेव्हिसकडून ती टेप लावून घेतली, ऐकली आणि म्हणाले, हे हरवू नकोस. 19 डिसेंबर 2000 ला ते गेले. मेव्हिसने टेप जपून ठेवली, आणि 2015 मध्ये शिकागोच्याच जेफ ट्वीडी या संगीतकाराने काम करून ती रेकॉर्ड बाहेर काढली, नावच मुळी 'डोन्ट लूज धिस'. त्यात त्या पोरींचे आवाज आहेत. पण क्लीओथा ती रेकॉर्ड यायच्या दोन वर्षं आधी गेली, अल्झायमरने. 2018 मध्ये इव्हॉन. 2021 मध्ये पर्विस. ज्या गोलात सूर वाटून दिले होते त्यातली आता मेव्हिस एकटी, आणि ती ऐंशी पार केल्यावरही स्टेजवर उभी राहिली. मला कधी कधी वाटतं की ती गाताना वडिलांची गिटार आणि बहिणींचे सूर तिच्या डोक्यात चालूच असणार, ती फक्त तिचा भाग म्हणते.

आत्या जाऊन चार वर्षं झाली. भाऊ दुबईला. मागच्या नाताळाला पप्पांनी स्वतःहून पेटी काढली, भाता आता त्यांना जड जातो, तरी. चटईऐवजी दिवाण, कारण गुडघे. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता, त्याचा आवाज मागून यायचा म्हणून शेवटी त्याला म्यूट केला आणि तो तिकडे नुसते ओठ हलवत होता. पप्पांनी माझ्याकडे मान वळवली, "हं". मी खालचा घेतला. आईने मधला. मी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, मागे कुकरची शिट्टी आहे, बाहेर कुणाची तरी रिक्षा. दुसऱ्या ओळीला पप्पांचा हात भात्यावर किंचित थांबतो, अर्धी मात्रा, आणि मग पुढे जातो.